उभ्यानं बोलणारे सर

गिऱ्हेपुंजे सरांची आणि माझी पहिली भेट एका बाकावर झाली आणि पहिला चहा संपायच्या आत मी जमिनीवर आले. लाखांदूरच्या बसस्टँडसमोर एक टपरी आहे. तिथे गिऱ्हाइकांसाठी एक लांब फळीचा बाक टाकलेला आहे. त्याचे पाय ज्या कुणी ठोकले त्याने ते फारच मधोमध ठोकले. त्यामुळे दोन टोकांना दोघं बसले तर ठीक, एक उठला की दुसऱ्याचं काही खरं नाही. मी कृषीची पदवी आणि नवी कोरी बॅग घेऊन बियाण्यांच्या एका कंपनीत रुजू व्हायला आले होते. एरिया मॅनेजर म्हणजे कुणी गॉगलवाला, गाडीतून उतरणारा माणूस असेल असं मला वाटलं होतं. समोर आले ते बुटके, पॅन्टच्या खालच्या काठांना वाळलेला चिखल लागलेले, अर्धी मिशी पिकलेले गृहस्थ. “बसा बाई, चहा घ्या पहिले. ऑफिस कुठं पळून चाललं?” असं म्हणून ते एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. मी, माझी बॅग आणि चहा, तिघंही मातीत गेलो.

पुढचं मला जास्त आठवतं. सरांनी एका हाताने फोन कानाला लावला होता, “यस सर, यस सर” चालू होतं, आणि दुसऱ्या हाताने ते मला उठवत होते. उठवलं, बॅग झटकून दिली, टपरीवाल्याला खुणेनेच दुसरा चहा सांगितला, आणि या सगळ्यात एकही “यस सर” चुकलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा पार पडला. “लय लागलं का वो बाई? हेड ऑफिसचा फोन होता. तो बसून घेता येत नाही मले.” मला वाटलं गंमत करतायत. त्या माणसाने आयुष्यात फार गमती केल्या, पण ती गंमत नव्हती.

हेड ऑफिसचा फोन आला की गिऱ्हेपुंजे सर उभे राहत. मोटारसायकलवर असले तर ती स्टँडला लावून उतरत आणि तिच्याशेजारी सरळ उभे राहून बोलत. सलूनमध्ये अर्ध्या गालाला फेस असताना खुर्चीतून उठून उभे राहिलेले मी त्यांना पाहिलंय. जेवताना तर हटकून फोन यायचा. ताटावरून उठायचं, डाव्या हाताने फोन धरायचा, उजवा हात वरणाने भरलेला तसाच हवेत. बोलणं संपेपर्यंत बोटांवरचं वरण वाळून जाई. त्यांच्या मिसेस एकदा मला म्हणाल्या होत्या, “लग्नात सप्तपदीच्या टायमाले याईले फोन नाही आला म्हनून लग्न झालं माहं.” सरांकडे त्याचंही उत्तर होतं. “उभ्यानं बोललं का आवाजात जोर येते. बसून ‘यस सर’ म्हटलं तं ते खोटं वाटते.”

आमच्या कंपनीत खरं वाटण्याला फार महत्त्व होतं, कारण कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. सकाळी आठला सगळ्यांचा एकत्र फोन, संध्याकाळी पुन्हा. मधल्या वेळात मोबाइलवरचं लोकेशन सुरू ठेवायचं, म्हणजे वरच्यांना नकाशावर आमचे ठिपके दिसत. ठिपका एका जागी फार वेळ थांबला की मेसेज येई, ‘एनी प्रॉब्लेम?’ शेतकऱ्यांच्या बांधावर गेल्याचा फोटो टाकायचा, फोटोत जागा आणि वेळ उमटलेली पाहिजे. रविवारी सुट्टी असे, पण फोन ठेवायला सुट्टी नसे. सरांच्या गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक इस्त्रीचा शर्ट कायम घडी करून ठेवलेला असे. धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू आहे, सर गुडघाभर चिखलात आहेत आणि व्हिडिओ कॉल आला तर ते बांधीच्या काठाला, धुऱ्यावर येऊन ओल्या बनियनवर तो शर्ट चढवत. वरून साहेब, खालून शेतकरी, असे उभे राहत. रोवणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत.

हेड ऑफिसातल्यांना ‘गिऱ्हेपुंजे’ उच्चारता येत नव्हतं. दोनचार वेळा जीभ अडखळल्यावर त्यांनी ते मधेच तोडून ‘गिरी’ केलं. तेव्हापासून सर कागदोपत्री गिऱ्हेपुंजे आणि फोनवर ‘गिरी जी’. याचं वाईट वाटतं का असं मी विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, “आडनाव अर्धंच घेतलं बाई त्यायनं. मानूस मात्र पुरा घेतला.”

त्यांचं दुसरं पेटंट वाक्य म्हणजे “सीझन गेला का मंग पाहू.” डोळ्यांचा नंबर वाढलाय, सीझन गेला का मंग पाहू. मुलीच्या शाळेत बोलावलंय, सीझन गेला का मंग पाहू. आता धानाच्या बियाण्याचा धंदा. खरीप संपला की उन्हाळी धान, तो लागला की पुढच्या खरिपाची बुकिंग. सीझन जायचं नावच घेत नसे. ते त्यांनाही कळत होतं. पण त्यांच्या शेजारच्या दोन्ही भागांचे मॅनेजर एका उन्हाळ्यात फोनवरच घरी पाठवले गेले होते, आणि त्यानंतर सर जास्तच सरळ उभे राहू लागले. “या वयात मले कोन ठेवते बाई? पन्नाशीचा घोडा, इंग्रजी अर्धवट,” असं ते हसत म्हणत. हसण्यात मात्र भीती असे.

इतका भ्यालेला माणूस दुसऱ्यासाठी किती बिनधास्त होऊ शकतो हे मी माझ्या पहिल्या भाऊबीजेला पाहिलं. माझं गाव करडी, मोहाडी तालुक्यातलं. लाखांदूरहून भंडाऱ्याला जा, तिथून पुढची एसटी धरा, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. माझी रजा वरून नामंजूर झाली, ऐन दिवाळीत धान कापणीला आलेला असताना प्रचार सोडून जायचं नाही म्हणे. मी ऑफिसात बसून नाक ओढत होते. सरांनी हात पुढे केला. “आन तो फोन इकडं.” मला कळेना. “तुह्या ठिपक्याले फिरायचं आहे ना? तो मी फिरवतो. तू घरी जा. आज आपली जॉइंट व्हिजिट आहे, दोघंबी सोबतच फिरून राहिलो, कोनाले शंका येत नाही.”

मी बिनफोनची करडीला गेले आणि भावाला ओवाळून आले. दिवसभर माझा फोन सरांच्या खिशात बसून चार गावं हिंडला. त्यांनी माझ्या नावाने ग्रुपवर फोटो टाकले, ‘नोटेड सर’ लिहिलं. परत आल्यावर मी फोटो पाहिले तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सरांचं बोट, त्यातल्या पोवळ्याच्या अंगठीसकट. कुणाच्या लक्षात आलं नाही हे आमचं नशीब. “सर, तुमची भाऊबीज?” मी विचारलं. त्यांची बहीण पवनीला असते, अगदी जवळ. ते फोन माझ्या हातात देत म्हणाले, “सीझन गेला का मंग पाहू.”

त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने धानाचं नवं वाण आणलं. रस्त्यालगतच्या एखाद्या बांधीत ते लावायचं, पीक तयार झालं की झोनल साहेब येऊन पाहणार, शेतकऱ्यांचा मेळावा घेणार, असं ठरलं. अट एकच होती. साहेब येईपर्यंत धान कापायचा नाही. शेतकरी बी फुकट घ्यायला तयार होते, ही अट घ्यायला कुणी तयार नव्हता. पिकलेला धान दुसऱ्याच्या तारखेसाठी बांधीत कोण उभा ठेवतो? शेवटी सर दिघोरीला आपल्या थोरल्या भावाकडे गेले.

सीताराम दादा म्हणजे सरांच्या दुप्पट उंच आणि निम्मं बोलणारा माणूस. वडील गेल्यावर त्यांनी शेती पाहिली आणि धाकट्याला शिकवलं. मी त्या दिवशी सरांसोबत होते. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुह्या नोकरीचं काम आहे?” सर म्हणाले, “हो दादा.” “मंग लाव.” एवढंच. आत चुलीपाशी त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची. ती तिथूनच म्हणाली, “लाव बापा, पन मंडईच्या आंधी धान घरी येऊ दे.”

मंडईचं थोडं सांगायला हवं. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दुकानं येतात, रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, होते, लेकीबाळी आणि पाहुणे घर भरून येतात. गिऱ्हेपुंज्यांच्या घरची रीत अशी की मंडईच्या पाहुण्यांना त्या वर्षीच्या, घरच्या नव्या धानाचाच भात वाढायचा. रस्त्याकडची ती बांधीच त्यासाठी ठेवलेली असे, कारण तिचा धान सगळ्यांत आधी निघे. विकतचा तांदूळ त्या दिवशी चुलीवर चढलेला आईने कधी पाहिला नव्हता. आणि सर? दिघोरीच्या मंडईला सर कित्येक वर्षांत गेलेच नव्हते. सीझन. या वर्षी मात्र आईच्या पाया पडून ते म्हणाले, “धानबी येते घरी आन मीबी येतो.”

धान झकास आला. दिवाळीच्या सुमारास लोंब्या पिवळ्या होऊन वाकल्या. दादांनी कापणीच्या बाया ठरवल्या आणि झोनल साहेबांची तारीख आली. ती पुढे गेली. बाया परत पाठवल्या. दुसरी तारीख आली, दादांनी पुन्हा बाया बोलावल्या, तीही पुढे गेली. कापणीच्या दिवसांत ठरवलेल्या बाया परत पाठवणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न ठेवणं. रोज सकाळी, आठच्या फोनच्या आधी, दादांचा फोन यायचा. तो सर बसून घेत. “कापू का?” “दोन दिस थांब ना दादा.” एकदा मी समोर असताना पलीकडून दादांचा आवाज चढलेला ऐकू आला. “धान तुह्या साहेबाची वाट पाहून नाही पिकला हेमराज. दाना गळून राहिला बांधीत!” आणि मग फोन बंद. दुसऱ्या दिवसापासून दादांचा फोन येणं थांबलं. सर आठच्या फोनला उभे राहायचे, आणि त्याआधी बराच वेळ मोबाइल हातात घेऊन नुसते बसायचे.

मग पाऊस आला. त्या दिवसांत यायला नको तो, वाऱ्यासकटचा. दुपारी आम्ही दिघोरीला पोचलो तर अर्धी बांधी आडवी. वजनदार लोंब्यांसकट धान चिखलात लोळला होता. दादा धुऱ्यावर उभे होते. ते आमच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. सरांनी तिथूनच झोनल साहेबांना फोन लावला, उभ्यानेच, आणि परिस्थिती सांगितली. पलीकडून जे सांगितलं गेलं ते ऐकून मला वाटलं माझ्या कानात पाणी गेलंय. साहेब उद्या नक्की येत होते. त्याआधी प्लॉट ‘खड़ा’ झाला पाहिजे होता.

मग आमच्या हातून ते काम झालं ज्याची आठवण आली की मला आजही हसू येतं आणि पाठोपाठ संतापही येतो. आजूबाजूच्या तालुक्यांतली सगळी फिल्डची पोरं बोलावली गेली. कुणी सुतळीचे गुंडे आणले, कुणी बांबूच्या कामट्या. आम्ही पदवीधर मंडळी चिखलात उतरलो आणि पडलेला धान मूठमूठ उचलून, पेंडी करून, कामट्यांना बांधून उभा करू लागलो. लग्नात नवरदेवाला दोन्ही बाजूंनी धरून उभं करावं तसा. रस्त्याने जाणारी एसटी हळू व्हायची, खिडकीतून माना बाहेर यायच्या. दादा जवळ येऊन मला म्हणाले, “हे कायले करून राहिले बाई?” मी म्हटलं, “उद्या साहेब येणार आहेत दादा.” ते म्हणाले, “मंग साहेबाले पडलेला दाखवा ना. पाऊस का कंपनीनं पाडला?” मी पुढची पेंडी बांधली. सर सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात एकटेच बांधत होते, भावाची नजर चुकवत.

दुसऱ्या दिवशी मांडव, खुर्च्या, हार, नारळ, सगळं जय्यत. दादांनी कापणीच्या बायाही बोलावून ठेवल्या होत्या. साहेब पाहून गेले की लगेच विळा लागणार होता, कारण मंडई चार दिवसांवर आली होती आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं. बाया धुऱ्यावर विळे घेऊन बसल्या. आईने पाहुण्यासाठी पोह्यांचा डबा पाठवला होता. साहेबांची गाडी नागपूरहून निघाली, मग भंडाऱ्यात थांबली, मग बराच वेळ काही कळेना, आणि मग सरांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. साहेबांना तातडीने विमानतळावर परत जावं लागलं होतं. ‘गिरी जी, वहीं से दिखा दीजिए.’

सर इस्त्रीचा शर्ट घालून आधीच तयार होते. त्यांनी फोन समोर धरला आणि धुऱ्यावरून चालू लागले. मी बाजूने चालत होते, कामट्या दिसणार नाहीत असा कोन सांगत. “थोड़ा लेफ़्ट. हाँ. ऊपर से लीजिए. बढ़िया, बहुत बढ़िया.” कितीतरी दिवसांच्या वाट पाहण्याची पाहणी चालता चालता संपली. मग साहेब म्हणाले, “इसको ऐसे ही खड़ा रखिए. अगले हफ़्ते फ़िल्म वाली टीम भेजता हूँ, ड्रोन से शूट करेंगे.”

“यस सर,” सर म्हणाले. सवयीने निघून गेलं. मग त्यांनी मान वर केली.

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता दादा ओरडणार, कदाचित फोन हिसकावून घेणार. दादांनी तसं काही केलं नाही. ते बायांकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “चला वो बायांनो. आज नाही होत. घरी चला.”

तिसऱ्यांदा. या खेपेला कुणी सांगितलंही नव्हतं. भावाची नोकरी जाऊ नये म्हणून त्या माणसाने आपल्या हाताने कापणी परत पाठवली. बाया कुरकुरत उठल्या, विळे गोळा करू लागल्या.

मी सरांकडे पाहत होते. त्यांच्या हातातला फोन खाली आला, पुन्हा वर गेला. आणि मग सर बसले. ओल्या धुऱ्यावर, इस्त्रीच्या शर्टात, साहेब समोर दिसत असताना. मी त्यांच्याजवळ धावले, मला वाटलं चक्कर आली. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. “क्या हुआ गिरी जी? तबियत?”

“तबियत ठीक है सर. बैठ के बोल रहा हूँ.”

“जी?”

“ये खेत मेरे भाई का है सर. आज कटेगा.”

पलीकडे विमानतळाचा गोंगाट ऐकू येत होता. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, “आप मुझसे पूछ रहे हैं या बता रहे हैं?”

सरांनी एकदा बायांच्या हातातल्या विळ्यांकडे पाहिलं. “बता रहा हूँ सर.”

“सोच लीजिए,” असं म्हणून साहेबांनी फोन बंद केला. या ठिकाणी सरांनी आपलं पूर्ण आडनाव ठणकावून सांगितलं, असं मला लिहायला फार आवडलं असतं. पण तसं काही घडलं नाही. त्यांनी तसंच बसून हाक मारली, “दादा! थांब गा दादा! बायांले थांबव!”

मग त्यांनी बूट काढले, मोबाइल एका बुटात खोचला, पॅन्ट वर केली आणि एका बाईच्या हातचा विळा मागून घेऊन बांधीत उतरले. कापणी सोपी नव्हती, कारण आम्हीच आदल्या दिवशी मारलेल्या सुतळीच्या गाठी विळ्यात अडकत होत्या. पुढे आम्ही पदवीधर गाठी सोडत चाललो होतो आणि मागून बाया कापत येत होत्या. सरांची कापायची सवय पार गेली होती. बाया चार ओळी पुढे आणि ते आपले एकाच कोपऱ्यात. दादा त्यांच्या शेजारच्या ओळीला येऊन लागले आणि न बोलता त्यांचीही अर्धी ओळ कापू लागले. धुऱ्यावर सरांचा बूट सारखा घरघरत होता. एक म्हातारी बाई ओरडली, “साहेब, तुमचा जोडा बोलून राहिला!” सगळी बांधी हसली. सरही हसले, पण ओढून. त्या बुटात काय वाजतंय हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत कापलेल्या धानाचा कडपा बांधीत पडला, आणि तो उचलेपर्यंत आभाळाने दया केली.

मंडईच्या दिवशी मी दिघोरीला गेले होते. एवढ्या घाईत सगळा धान तयार होणं शक्यच नव्हतं. दादांनी काही भारे झोडपून, छपरावर वाळवून, गावातल्या गिरणीत तेवढाच भरडून आणला होता. पावसात भिजलेला तो धान, त्याचा तांदूळ तुटून निम्मी कणी झाली होती. ताटात भात पिठूळ दिसत होता. आई स्वतः वाढायला उठली होती. प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी ती वाकायची आणि म्हणायची, “यंदाचा भात जरा तुटला बापा. पन घरचा आहे.” पंगतीत दादांच्या शेजारी सर मांडी घालून बसले होते. त्यांचा फोन कपाटावर होता. ते एकदाही उठले नाहीत. त्यांनी भात तीनदा मागून घेतला, आणि तिसऱ्या वेळी आईने त्यांच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. मला तिथे बसवेना, मी दुकानं पाहायच्या निमित्ताने बाहेर गेले.

उन्हाळा लागायच्या आत सरांना काढलं. कारण कापणी नव्हतं, असं कारण कोण लिहील? ‘अपेक्षित कामगिरी नाही’ असं काहीतरी होतं. तो फोन ऑफिसात आला तेव्हा मी समोर होते. सर खुर्चीत बसूनच बोलले. फोन ठेवून म्हणाले, “चला, सीझन गेला.” आणि ड्रॉवर रिकामा करायला लागले. नंतरचे महिने वाईट होते, ते उगाच गोड करून सांगत नाही. त्यांच्या मिसेसनी सांगितलं की बरेच दिवस सकाळचे आठ वाजले की ते अंगणात जाऊन सरळ उभे राहायचे. फोन नसायचा, काही नसायचं. मग त्यांच्या लक्षात येई आणि ते तुळशीला पाणी घालू लागत. आता ते लाखांदूरला एका ओळखीच्या कृषी केंद्रात काम करतात. दुकान संध्याकाळी बंद होतं आणि बंद झालेलं राहतं. चष्म्याचा नंबर त्यांनी बदलून घेतलाय. भाऊबीजेला पवनीला जातात.

त्यांची जागा कंपनीने मला दिली. मी घेतली, घर चालवायचं होतं आणि नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. डिकीत माझाही एक इस्त्रीचा कुर्ता घडी करून ठेवलेला असतो. झोनल साहेब तेच आहेत.

परवा बऱ्याच दिवसांनी सर टपरीवर भेटले. “बस बाई, चहा घे पहिले,” म्हणाले. फळी तीच, पाय तसेच मधोमध. ते एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. दादांची, आईची विचारपूस झाली. या वर्षीचा धान कसा आहे ते बोलत असतानाच माझा फोन वाजला. झोनल साहेबांचं नाव दिसलं आणि माझे पाय आपोआप सरळ होऊ लागले. फळी हलली. सरांनी झटकन हातातला कप सावरला, दुसऱ्या हाताने फळी घट्ट धरली आणि म्हणाले, “बस बाई. तू उठली का मी पडतो.”

ते हसत होते. पण त्यांचे डोळे माझ्या फोनवर होते, आणि त्यात ती जुनी भीती मला स्पष्ट दिसली. या वेळी ती माझ्यासाठी होती. फोन वाजत होता. मी पुन्हा टेकले, पाय जमिनीवर नीट रोवले, फोन उचलला आणि बसल्या जागेवरून म्हणाले, “बोलिए सर.”